सुभेदारांचा पंख

आमच्या दुकानात शिरले की ते आधी खाली वाकायचे. जमिनीवरची एखादी चिंधी नाहीतर दोऱ्याचा तुकडा उचलायचे, छातीच्या उंचीवरून सोडायचे आणि तो कुठं पडतो ते डोळे बारीक करून बघायचे. "दारातून आत. हळू हाय," असं स्वतःशी म्हणायचे आणि मग माझ्याकडे वळून, "बसू का ताई?" छताचा पंखा चालू असला तर तो बंद करायला लावायचे, कारण त्याच्यानं खरा वारा कळत नाही. भर वैशाखात, तीन बायका ब्लाउजच्या मापाला उभ्या असताना, वडवणीच्या पेठेतला वारा सुभेदारांना खरा कळावा म्हणून मी किती वेळा घामानं निथळले आहे, ते माझं मला माहीत.

असा एखादा माणूस तुमच्याही पेठेत असेल. सगळे त्याला हसतात आणि तो दोन दिवस दिसला नाही की सगळेच विचारतात. आमचे सुभेदार फौजेच्या उडी मारणाऱ्या पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. विमानातून उडी मारणं हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा, त्यामुळे जमिनीवरच्या गोष्टींकडेही ते वरूनच बघायचे. कोणी काहीही करायला निघालं की त्यांचा एकच प्रश्न असे, "उतरायचं कुठं, ते ठरवलं का?" बस पकडायला पळणाऱ्यालाही तोच आणि मुलगी बघायला निघालेल्यालाही तोच. एकदा पंचायतीला उभे राहिलेले एक गृहस्थ हात जोडून त्यांच्या ओट्यावर आले. सुभेदार म्हणाले, "उभं ऱ्हायलाव ते ठीक हाय. उतरायचं कुठं?" ते गृहस्थ पडले. तेव्हापासून सुभेदार समोरून दिसले की ते गल्ली बदलत.

त्यांची दुसरी खोड मात्र मला बरीच वर्षं उमगली नव्हती. ते कशाचीही घडी घालत नसत. मी शर्ट शिवून, इस्त्री करून, छान घडी घालून पिशवीत द्यायची. ते पिशवी परत करत, शर्ट झटकून मोकळा करत आणि कॉलरला दोन बोटांनी धरून भर बाजारातून घरी नेत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एका बारीक माणसाला मानगुटीला धरून चौकीवर नेताहेत. वर्तमानपत्र वाचून झालं की तसंच पसरलेलं सोडायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की घरात एकेका कपड्याला एकेक खिळा आहे आणि भिंतीला आता नवा खिळा ठोकायला जागा उरलेली नाही.

"कावून हो काका, घडीचं एवढं वावडं?" मी एकदा विचारलं.

"माझ्या हाताची घडी चांगली न्हाई ताई," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकून दोरा शोधायला लागले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना हृदयाचा त्रास झाला. छातीत जाळी बसवून घरी आले. आषाढ लागला तेव्हा गणवेशाची घाई सरली होती आणि मी दुकानात जुन्या चिंध्या निवडत बसले होते. बाहेर हातगाडी थांबली. गाडीवर पत्र्याची ट्रंक आणि गाडीच्या मागं सुभेदार. त्या दिवशी त्यांनी दोरासुद्धा उचलला नाही.

"ताई, एक मोठा ब्लाउज हाय. दोन बाह्या हायत, गळा न्हाई."

ट्रंक उघडली. आत नारिंगी-पांढरं नायलॉन चेंडू करून कोंबलेलं होतं आणि त्यातून शेवयांसारख्या पांढऱ्या दोऱ्या बाहेर आलेल्या, तळाशी पाठीला बांधायची पट्ट्यांची पिशवी. वास जुन्या रेनकोटचा.

"अय्या, पॅराशूट!"

"छत्री न्हाई ती. गोल असती ती छत्री. ह्यो पंख हाय." मग त्यांनी कटिंगच्या टेबलावर खडूनं त्रिकोण काढला. एका टोकाला नाक, दोन बाजूंना दोन बाह्या. छत्री वारा नेईल तिकडं जाते, तिला स्वतःचं मत नसतं. हा मात्र नाक पुढं करून चालतो, वळवला की वळतो. पुढं चौकोनी, गादीसारखे फुगणारे पंख आले आणि हे तिकोनी मागं पडले. त्यांच्या पलटणीत परदेशातून असे चारच आलेले, तपासून बघायला. त्यातला हा एक, निकालात काढलेल्या सामानातून त्यांनी घरी आणलेला.

"मग शिवून काय करायचं ह्याचं?"

"दवाखान्यात वर छताकडं बघत पडलतो. लई दिवस पडलतो. तवा वाटलं, एकदा उघडल्याला बघावा." मी टेप गळ्यात अडकवली.

पंख दुकानात मावेना. एक बाही पसरली तर ती शेजारच्या भांड्यांच्या दुकानात गेली. आषाढात लग्नं नसतात, म्हणून मंगल कार्यालयाचा हॉल मागितला. व्यवस्थापकानं विचारलं, कशाला? सुभेदार म्हणाले, वऱ्हाड एकच हाय, पण लई रुंद हाय. हॉलमध्ये तो नारिंगी-पांढरा त्रिकोण पसरला, नाक स्टेजकडे आणि बाह्या दोन्ही भिंतींना, तेव्हा मी चपला काढून हात जोडले. का, ते विचारू नका.

त्यानंतरचे आठ दिवस मी आयुष्यात हसले नाही इतकी हसले. मी मशीनवर ठिगळं लावायची आणि सुभेदार समोर खुर्चीत बसून सांगायचे.

"छत्री उघडली की माणूस हुश्श म्हनतो. ह्यो उघडला की मेलो म्हनतो. बैलानं शिंगावर घ्यावं तसा हिसका. पहिल्याच उडीला माझा डावा बूट निघून गेला. मी खाली आलो एका बुटावर. साहेब म्हनले, दुसरा कुठाय? मी म्हनलं, साहेब, त्यो मागून येतोय."

बूट सापडला नाही. दुसऱ्या उडीला त्यांनी नाड्या दोनदा बांधल्या. बूट राहिले, पण दाढेत भरलेली चांदी उडाली. तिसऱ्या वेळी तोंड घट्ट मिटून गेले, तर जीभ चावली. चौथ्या वेळी काहीच झालं नाही आणि त्यांना उगाच चुकल्यासारखं वाटलं.

"आन वारा जास्त असला की गंमत. पंख पुढं पळतो पंधरानं, वारा मागं ढकलतो इसानं. म्हंजी तोंड पुढं आन जाणं मागं. असा मी एका गावावरून उलटा गेलतो. एका गच्चीवर म्हातारी पापड घालीत व्हती. तिनं बघितलं, माणूस उलटा चाललाय. न घाबरता डोईवर पदर घेतला आन इचारलं, परत कदी येनार?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? उतरायचं कुठं तेच मला ठाव नव्हतं. म्हशीच्या डबक्यात उतरलो. म्हशी उठल्यासुद्धा न्हाईत."

मग कधी कधी त्यांचा आवाज बदलायचा. हिसका सरला की वर किती शांत असतं, नुसता काठ फडफडतो, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा, हे ते सांगायचे. डावी दोरी ओढली की सगळी जमीन उजवीकडं कलते. हे बोलता बोलता ते उठायचे, दोन्ही हात पसरायचे आणि रचून ठेवलेल्या खुर्च्यांमधून हॉलभर वळणं घेत फिरायचे. वय बहात्तर, छातीत जाळी, तोंडानं वाऱ्याचा आवाज. माझ्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. हसता येत नव्हतं आणि हसल्याशिवाय राहवत नव्हतं. एक टाचणी मी बहुधा गिळली असावी, अजून हिशेब लागलेला नाही.

सहाव्या दिवशी मी नाकाजवळच्या मोठ्या फाटक्या जागेशी आले. "ही शिलाई उसवली व्हती," असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते आणि सांगताना दुसरीकडे बघत होते. मी शिलाई बोटानं चाचपली. टीप जागच्या जागी होती, दोरा शाबूत होता. फाटलं होतं ते बाजूचं कापड, आणि तेही फाटलेलं नव्हतं, वितळलेलं होतं. नायलॉनच्या साडीवर तापलेली इस्त्री बसली की कापड आक्रसून चकाकतं, तसा एक सरळ चकाकता पट्टा होता.

"काका, शिलाई उसवलेली नाही ही. इथून काहीतरी जोरात घासत गेलंय."

ते उठून आले नाहीत. खुर्चीतच बसून म्हणाले, "दोरी गेलती. कापडावरून दोरी गेलती. मला ठाव हाय."

मग त्या दिवशी त्यांनी हसवलं नाही. पंख वापरायचा म्हणजे आधी त्याची घडी पाठीवरच्या पिशवीत बसवायची, आणि ती घडी घालण्याचं काम सुभेदारांकडे होतं. पलटणीत सगळ्यात चांगली घडी त्यांची. घडी घालून झाली की पिशवीला लाल दोरा बांधायचा, वर शिक्का, कार्डावर सही. त्यानंतर ती कोणी उघडायची नाही, उघडली तर शिक्षा. आणि आणखी एक रीत होती. साहेब कधीही येऊन कुठल्याही पिशवीवर बोट ठेवायचे आणि घडी घालणाऱ्याला म्हणायचे, घाल पाठीला, चल वर. दुसऱ्याच्या जिवासाठी घातलेल्या घडीखाली स्वतः जायची तयारी पाहिजे.

एका प्रात्यक्षिकाच्या दिवशी हा पंख त्यांच्या जिवलग जोडीदाराच्या पाठीवर होता. परळीचे वैजनाथराव. उघडताना एक दोरी कापडावरून गेली, पंख अर्धाच उघडला, गरगरत खाली आला. जीव वाचला, उजव्या पायाचे तीन तुकडे झाले. चौकशीत निघालं, घडीत चूक. सुभेदारांनी मान्य केलं. घडी त्यांची, सही त्यांची. त्या दिवसापासून घडीचं काम त्यांनी सोडलं. पुढं आपली स्वतःची पिशवीसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतली. ट्रंकेत हा पंख आणून ठेवला, पण इतक्या वर्षांत एकदाही पसरला नाही.

"चाळीस वर्षं झाली ताई," ते म्हणाले. "त्यो लंगडत आला की मला माझे हात दिसत्यात."

वैजनाथराव हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. दर महिन्याला सुभेदार काकूंच्या हातचा डबा घेऊन बसनं परळीला जायचे, ते नातेवाइकांकडे जातात असं आम्ही धरून चाललो होतो. त्या खिळ्यांना टांगलेल्या शर्टांचा अर्थ मला तिथं हॉलमध्ये कळला. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले आणि दोन वीत टीप वाकडी गेली.

ती उसवून पुन्हा मारताना नाकाच्या दुमडीत माझ्या बोटांना गाठ लागली. दुमडीची शिलाई इंचभर कापलेली होती, ब्लेडनं, आणि वर काळ्या दोऱ्याचे तीन टाके होते. पुरुष बटण लावताना घालतात ना, एक इकडं एक तिकडं, तसले. मी टाके कापले. आतून बोटाच्या पेराएवढी लाल फडक्याची पुरचुंडी निघाली. सोडली तर आत अंगारा.

"काका, हे तुम्ही ठेवलं होतं का? देवाचं?"

त्यांनी ती तळहातावर घेतली. बघत राहिले. पुरचुंडीकडे नाही, टाक्यांच्या काळ्या दोऱ्याकडे.

"माझं न्हाई हे. मी बांधला तवा हे नव्हतं." मग हळूच म्हणाले, "शिक्क्यानंतर उघडलाय." आणि त्यांनी खिशातून फोन काढला. एवढंच बोलले, "ये बे. पंख काढलाय."

वैजनाथराव दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आले. गोल चेहऱ्याचे, हसरे, हातात काठी. दारातून पंख बघितला आणि "आयला, अजून हाय का ह्यो!" असं ओरडले. मग त्यांना सुभेदारांचा पुढं केलेला तळहात दिसला. त्यांचं हसू जागच्या जागी विझलं. मी उठून जायला लागले तर सुभेदार म्हणाले, "बस ताई. तूच काढलंस."

"आईनं दिलता," वैजनाथराव म्हणाले. "वैजनाथाचा अंगारा. तू रोज सांगायचास, लई हिसका बसतो, बूट उडतो, चांदी उडती. माझी पंखावरची पहिली उडी व्हती बे. भ्यालो. सकाळी तू जेवाया गेलतास तवा उघडला, नाकात ठेवला, परत घडी घातली. शिक्का हळूच सोडवून परत बांधला. मला वाटलं, जमली."

"तू घातली घडी?"

"मीच. तुझ्यावानी घातली, बघून बघून."

"आन सांगितलं कावून न्हाईस?"

"पहिल्यांदा शिक्षेला भ्यालो. मग दवाखान्यात तू रोज यायला लागलास. मग घरी डबा घेऊन यायला लागलास." वैजनाथरावांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "मला वाटायचं, सांगितलं तर तू यायचा बंद होशील. पाय तर गेलाच व्हता. तू बी गेला असतास तर म्या काय करायचं व्हतं?"

मला वाटलं, आता सुभेदार उठतील आणि या माणसाची चाळीस वर्षांची गचांडी धरतील. ते उठलेही. वैजनाथरावांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी शर्ट खिळ्याला टांगायलोय बे!"

आणि हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. वैजनाथरावांना कळेना हसावं की रडावं, त्यांनी दोन्ही सुरू केलं. "बायकोनं घर सोडायची धमकी दिलती बे, खिळ्यापायी!" सुभेदार ओरडले, आणि दोघं म्हातारे त्या नारिंगी कापडावर मधोमध बसले. मी नव्या शिलाईवरून उठा म्हणून ओरडत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. व्यवस्थापक दारातून डोकावून गेला. त्याला वाटलं असेल, आषाढात एवढा आनंद बरा नव्हे.

पंख शिवून झाला. आता तो उघडलेला बघायचा तर आधी घडी घालायला हवी होती. सुभेदार त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसले. पहिली दुमड सोडली, परत घातली, परत सोडली. वैजनाथराव दोऱ्यांचा झुपका सरळ धरून बसले. मग हळूहळू सुभेदारांच्या हातांना आठवायला लागलं. दोऱ्या वेगळ्या केल्या, बाह्या नाकावर आल्या, कापड पंख्यासारखं मिटत गेलं. मी मदतीला हात घातला तर "हात काढ!" असं खेकसले, आणि मला फार बरं वाटलं. दुपारपर्यंत सगळा त्रिकोण पाठीवरच्या पिशवीत जाऊन बसला. "ताई, लाल दोरा दे," ते म्हणाले. मी भरतकामाचा दिला. त्यांनी गाठ मारली आणि वैजनाथरावांकडे बोट रोखलं. "आता ह्याला हात लावशील तर दुसरा पाय मी मोडीन."

विमान काही आम्हाला मिळणार नव्हतं. पण नेकनूरच्या पुढं माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काही उगाच नाहीत. आषाढात तिथला वारा माणसाला उभं राहू देत नाही. सुभेदारांचा बेत असा होता. पिशवी पाठीला बांधायची, पट्ट्याला लांब दोर लावून तो जीपला बांधायचा, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि मूठ ओढायची. पिशवी उघडते, वारा घडी मागं खेचून घेतो, पंख फुगतो, जीप पुढं सरकते आणि माणूस पतंगासारखा वर जातो. घडी बरोबर असेल तर. दोरी पुन्हा कापडावरून गेली तर पंख गोळा होऊन आपटतो आणि माणूस माळावरून फरफटत जातो. हे त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं.

जीप काकूंच्या भावाची. काकू स्वतः आल्या होत्या, कारण त्यांना पुढचं दिसत होतं. सुभेदारांनी पिशवी उचलली तशी त्या मधे आल्या.

"छातीत जाळी हाय तुमच्या. हिसका बसला तर जाळी कुठं जाईल? बुटासारखी मागून येईल का?"

"घडी मी घातलीय. रीत हाय तशी."

"रीत गेली खड्ड्यात."

वैजनाथराव म्हणाले, मी घालतो. सुभेदारांनी त्यांच्या पायाकडे बघितलं आणि मान हलवली. मग मातीनं भरलेलं पोतं बांधायचं ठरलं. माणसाऐवजी पोतं. सुभेदार "चालंल" म्हणाले, पण त्यांचा चेहरा मी बघितला. चाळीस वर्षांत त्यांनी पहिली घडी घातली होती आणि तिच्याखाली जायला माती निघाली होती. तो चेहरा मला बघवेना.

"पोतं कशाला?" मी म्हटलं. "मी जाते की."

सगळे माझ्याकडे वळले. मी पुढं म्हटलं, "शिवलाय मी. तुमचीच रीत आहे ना, काम ज्यानं केलं त्यानं घालायचं? आणि आपल्या सगळ्यांत वजनाला मीच कमी."

"ताई, घडी चुकली असली तर?"

"चुकलीय का?"

त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. वारा इतका होता की त्यांच्या शर्टाचे शिडासारखे फुगे झाले होते. "न्हाई," ते म्हणाले. "चुकलेली न्हाई."

घरी मी नेकनूरला पाहुण्यांकडे जाते असं सांगून निघाले होते. माझ्या हातातल्या पिशवीत गणवेशातली उरलेली निळी ट्रॅकपँट टाकली होती. म्हणजे बघा, मनात कुठंतरी ठरलेलंच असावं. ती घालून, पायात दुहेरी नाड्यांचे बूट, पाठीला सुभेदारांची घडी, अशी मी माळावर उभी राहिले. पट्टे त्यांनी स्वतः आवळले, प्रत्येक पट्टा तीनदा ओढून बघितला. पवनचक्कीचा राखणदार पळत आला आणि "परमिशन कुणाची हाय?" म्हणून विचारायला लागला. काकूंनी त्याला पोतं धरायला दिलं. सुभेदार दहा पावलं बाजूला झाले.

"ओढ!"

मी ओढली. पाठीत धप्प आवाज झाला आणि मग कोणीतरी मला मागून खांद्यांना धरून उचकटलं. मेले, असं मी खरोखरच मोठ्यानं म्हणाले. जीपचा आवाज आला, पाय जमिनीवर चार पावलं पळाले आणि पाचवं पाऊल ठेवायला खाली काही नव्हतं. विजेच्या खांबाएवढी उंच गेले असेन, तुम्ही हसाल, पण वडवणीच्या शिंपिणीला तेवढं आकाश पुष्कळ झालं. डोक्यावर नारिंगी-पांढरा त्रिकोण ताठ उभा होता. त्यातली माझी प्रत्येक टीप मला दिसत होती, वाकडी गेल्यावर पुन्हा मारलेलीसुद्धा. काठ फडफडत होता. मी डावी दोरी जरा ओढली, तर सगळा बीड जिल्हा उजवीकडं कलला. मी किंचाळत होते, हसत होते, आणि मला वाटतं मी थोडी रडलेही.

मग मी खाली बघितलं.

या मार्गशीर्षात सुभेदार गेले. झोपेतच गेले. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा वैजनाथराव उशाशी बसून त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होते, एकावर एक, काकूंनी सांगितलं नसताना. पंख काकूंनी मला दिलाय. लोक त्यांच्याबद्दल खूप सांगत होते, फौजेतल्या गोष्टी, उड्या, बूट. आकाशातून उतरणाऱ्या सुभेदारांना खालून बघितलेली माणसं पुष्कळ असतील. त्यांना वरून बघितलेली मी एकटीच.

त्या दिवशी माळावर वरून ते एवढेसे दिसत होते. आधी नुसते उभे होते, मान वर, माझ्याकडे नाही, पंखाकडे बघत. नाक, डावी बाही, उजवी बाही, एकेक तपासत. मग ते पळायला लागले. टोपी उडाली, टक्कल चमकलं, मागून काकू ओरडत येत होत्या, त्यांच्या मागं काठी टेकत वैजनाथराव. आणि सुभेदार दोन्ही हात पसरून त्या माळावरून माझ्या सावलीबरोबर धावत होते आणि मला ओरडून सांगत होते, जसं काही त्याखाली लटकलेल्या मला ते माहीतच नव्हतं:

"ताई, उघडला! ताई, उघडला!"